वामनरावांचे सात पलंग

वामनराव गेल्याची बातमी मला सखंभटांनी दिली. सकाळची वेळ होती. मी वाचनालयाचं दार नुकतंच उघडलं होतं आणि मुंबईचं तीन दिवसांपूर्वीचं वर्तमानपत्र टेबलावर पसरत होतो. सखंभट दारातच उभे राहिले. वाचनालयात ते कधी पाऊल टाकत नसत. छापलेल्या मजकुराशी त्यांचं भांडण नव्हतं, गरज नव्हती एवढंच. "मास्तर, तुमचे वामनराव गेले," ते म्हणाले. "पहाटे. तापातच." मग उपरण्यानं मान पुसली आणि अगदी मनापासून म्हणाले, "लय वाईट झालं. आता माल घेणार कोन?" शाळामास्तर म्हणून मी आजवर पुष्कळ शोकसभा ऐकल्या आहेत, काहींची भाषणं दुसऱ्यांना लिहूनही दिली आहेत. त्यात याच्याइतकं खरं वाक्य एकही नव्हतं.

सखंभट कोण ते सांगितल्याशिवाय वामनराव कळायचे नाहीत. माणूस गेला की बाराव्या-तेराव्या दिवशी त्याच्या नावानं शय्यादान करतात. पलंग, गादी, उशी, चादर, छत्री, वहाणा, कंदील, तांब्याभांडं... पुढच्या प्रवासात लागेल ते सगळं. दान घेणारा भटजी त्या पलंगावर क्षणभर आडवा होतो, की ते तिकडे पोचलं असं धरायचं. सामान मात्र सखंभटांच्या ओसरीवर पोचे. आमच्या वाशीमात आणि आसपास हे दान घ्यायला दुसरा कुणी धजत नसे, आणि एका माणसाला झोपायला पलंग लागतो एक. पावसाळ्यानंतर तापाची साथ आली की सखंभटांच्या ओसरीवर पलंगांची चळत लागे, छत्र्यांची मोळी होई, वहाणांचे जोड भिंतीला टेकून कुणाची तरी वाट पाहत बसत. हे सगळं ते विकत. लांबच्या खेड्यातले लोक, ज्यांना काही माहीत नसे किंवा माहीत करून घ्यायचं नसे, ते बंडी घेऊन येत. गावातली प्रतिष्ठित मंडळी मेल्याच्या अंगाखालच्या वस्तूला हात लावत नसत. फारच मोह झाला तर गड्याला पाठवत. वामनराव स्वतः जात. दिवसाढवळ्या, तहसील कचेरीतून सुटल्यावर, कोट घालून. "लाकडाले सुतक नसते, मास्तर," असं ते मला सांगत. कचेरीत ते पुस्तकी मराठी बोलत. सौद्याची वेळ आली की वऱ्हाडी.

मी त्यांच्या घरी पोचलो तेव्हा अंगणात वीसेक माणसं उभी होती. आत अकरा खुर्च्या होत्या आणि बसायला जागा नव्हती. एकीचा वेत गेलेला, दुसरीला पाय नाही, तिसरीवर चौथी उलटी घातलेली. त्या सगळ्यांच्या मध्ये जमिनीवर, एका बाजूला आरशाचं टेबल आणि दुसऱ्या बाजूला साहेबाच्या टोप्या टांगायचा खांब, अशा थाटात वामनराव निजले होते. गोदावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्या रडत नव्हत्या. रडायला बायका जवळ याव्या लागतात आणि त्यांच्यापर्यंत पोचायला वाट नव्हती. तिरडी बांधून झाली आणि मग लक्षात आलं की ती आत नेली तर वळत नाही. उभी न्यावी की आडवी, यावर चार जाणत्या लोकांत वाद झाला. शेवटी शेजारचे म्हातारे विठोबाजी म्हणाले, "पयले कपाट काढा, मंग वामनरावाले." त्याप्रमाणे त्या घरातून पहिल्यांदा एका तहसीलदाराचं कपाट निघालं, मग एका साहेबाचा अंघोळीचा पत्र्याचा टब, मग दोन पलंग, आणि मग वामनराव. रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी थांबून विचारलं, "कोनाची बदली झाली काय जी?"

त्याचा तरी काय दोष? आमच्या गावात सामान घराबाहेर निघतं ते दोनच वेळी, माणूस मेला तर किंवा साहेबाची बदली झाली तर. वामनरावांची सुरुवात दुसऱ्या प्रकारापासून झाली. ते नवे कारकून आणि मी नवा मास्तर असताना एका इंग्रज साहेबाची बदली झाली आणि बंगल्याच्या अंगणात त्याचं सामान विकायला काढलं गेलं. वामनरावांनी लांब हातांची आरामखुर्ची घेतली आणि बंडीत घालून, स्वतः बंडीमागं चालत, बाजारातून घरी आणली. त्या लांब हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. मी म्हणालो, साहेब त्यावर पाय टाकून पडतात. त्यांनी लगेच टाकून पाहिले. धोतर नेसणाऱ्यासाठी ती खुर्ची केलेली नव्हती, आणि समोर वहिनी व शेजारच्या दोन बायका बसल्या होत्या... त्यानंतर त्या हातांवर पापड वाळत. टोप्यांच्या खांबाला सात खुंट्या होत्या, वामनरावांकडे पगडी एक. टबात ज्वारी राहायची. चिनी मातीचं एक मोठं झाकणाचं भांडं होतं, साहेबाच्या जेवणात त्याचं काय स्थान असेल ते असो, वहिनींनी त्यात कैरीचं लोणचं घातलं आणि ते चांगलं मुरत असे.

मी याला हसत असे, तोंडावर आणि माघारी. त्यांना ते कौतुक वाटे. रविवारी बाजार, बंगला किंवा सखंभटांची ओसरी, जिथं जुनं काही निघालं असेल तिथं आम्ही दोघं जात असू. ते वस्तू घेत, मी शेरे मारी. आमची मैत्री एवढीच होती आणि ती पंचवीस वर्षं टिकली. कधीतरी एकदाच ते स्वतःविषयी बोलले. लहानपणी ते वारावर जेवून शिकले होते, सोमवारी एकाच्या घरी, मंगळवारी दुसऱ्याच्या. "सात घरचं खाल्लं, पन कोनत्याच घरी बसायले खुर्ची नाई देली कोनी," ते म्हणाले. मी त्यावरही काहीतरी बोललो असेन. काय ते आता आठवत नाही, हे बरं आहे.

देवळामागे काशीबाई नावाच्या जमीनजुमला असलेल्या विधवा राहत. त्यांचा पलंग शिसवी होता आणि उशाच्या फळीवर एकमेकांकडे तोंड केलेले दोन राघू कोरलेले होते. बाई खोकल्यानं अंथरुणाला खिळल्या तेव्हा आम्ही समाचाराला गेलो. वामनराव काठावर बसले, खोकल्याची चौकशी केली, काढा सुचवला, आणि बोलता बोलता त्यांचा हात पलंगाच्या कडेवरून वीत वीत सरकू लागला. काशीबाईंचे डोळे मिटलेले होते.

"वामन्या," त्या म्हणाल्या, "किती भरला रे?"

"काय, काकू?"

"पलंग. मघापासून मोजून राह्यला ना. मी अजून हावो त्याच्यावर."

"नाई वो काकू, ढेकूण पाहून राह्यलो व्हतो."

"ढेकूण बसला हाये ना काठावर. कोट घालून."

मी खोलीबाहेर जाऊन हसून आलो. काशीबाई त्यानंतर चार वर्षं जगल्या, माझ्या मते निव्वळ हट्टानं. त्या चार वर्षांत वामनरावांइतकी त्यांच्या प्रकृतीची चौकशी त्यांच्या मुलांनीही केली नाही. ऐकणाऱ्याला ती माया वाटे. थोडी असेलही... शेवटी बाई गेल्या, शय्यादान झालं, सखंभट राघूंखाली क्षणभर आडवे होऊन उठले, आणि त्याच दुपारी तो पलंग, काशीबाईंचं नाव घातलेली एक तांब्याची घागर आणि चार भांडी वामनरावांच्या घरी आली. त्या दिवशी मी त्यांना गुणगुणताना ऐकलं.

वामनरावांना एकच मूल, मथू. सोळाव्या वर्षी तिला अनसिंगचं स्थळ आलं. घर शेतीवाडीचं, सुखवस्तू, आणि शुभाशुभाच्या बाबतीत कडक. बोलणी करताना मुलाच्या बापानं एकच अट घातली होती. आम्हाला फार काही नको, पण लेकीला आंदण द्याल ते नवं द्या. वामनरावांनी मान हलवली. ती मान मी पाहिली होती. पंधरा दिवसांनी मथू वाचनालयाच्या दारात आली. मुली तिथं येत नसत. "मास्तरकाका, बाबाले समजावा ना," ती म्हणाली. "काशीआजीचा पलंग देऊन राह्यले मले. घागरीवरचं नाव कासाराकडून ठोकून घेतलं अन् वर माहं घातलं. तिकडे कळलं तं घरात जागा नाई भेटणार मले."

"कळणार कसं? कोण सांगणार आहे?"

"कोनी ना कोनी सांगतेच, काका. वाशीमात लोकाइले दुसरं काम काय हाये?"

मी बोलतो म्हणालो. त्याच संध्याकाळी गेलोही. वामनराव अंगणात उकिडवे बसून राघूंना स्वतःच्या हातानं रोगण देत होते. चोचीला वेगळा रंग द्यावा काय, असं त्यांनी मला विचारलं. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मी पोपटांवर दोन वाक्यं बोललो, आम्ही दोघं हसलो, आणि जे सांगायला आलो होतो ते राहिलं. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशीही राघूच होते.

लग्नाला अनसिंगहून बरीच मंडळी आली. त्यात नवऱ्या मुलाचे मामा होते, जरीचा फेटा, कोटाला सोनेरी गुंड्या आणि छातीवर घड्याळाची साखळी. घड्याळ होतं की नाही ते त्यांनी दिवसभरात कुणाला दाखवलं नाही. पंगतीत ते माझ्या शेजारी बसले. समोर मांडवाच्या कडेला आंदण मांडून ठेवलं होतं, मधोमध राघूंचा पलंग, आरशासारखा चमकणारा. मामांनी तीनदा तिकडे पाहिलं. "आमच्याकडे असं काम होत नाई जी," ते मला म्हणाले. "वाशीमात कोनता सुतार करते हे?"

"सुतार नाही, सखंभट," मी म्हणालो.

आसपासच्या चारपाच वाशीमकरांना हसू फुटलं. एकाला ठसका लागला. मी हे ठरवून बोललो नव्हतो. वाक्य तोंडात तयार होतं आणि ते बोलल्यावाचून मला राहवलं नाही. याहून मोठं कारण मी अकरा वर्षं शोधतो आहे, सापडलेलं नाही. मामांना सखंभट कोण ते माहीत नव्हतं. त्यांनी पलीकडच्या माणसाला विचारलं, आणि त्यानं जेवण थांबवून, डोळे मिटून, मान एका बाजूला टाकून, आडवं होण्याची नक्कल करत त्यांना नीट समजावून सांगितलं. मामा अर्ध्या ताटावरून उठले.

मग मुलाच्या आत्याबाई पुढे आल्या. त्यांनी घागर उचलली, उन्हात तिरकी धरली आणि बोट फिरवलं. त्यांना वाचता येत नव्हतं; त्यांनी भाच्यांतल्या एकाला हाक मारली. "वाच." त्यानं वरचं वाचलं, मथुरा. "खालचं वाच." तो घागर फिरवत राहिला आणि एकेक अक्षर सापडेल तसं बोलला. का... शी... बा... ई. वामनराव हातात पानाचं तबक घेऊन उभे होते. आत्याबाईंनी घागर खाली ठेवली, पिवळ्या साडीतल्या मथूकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "पोरगी तरी नवी हाये ना? का तेपन सखंभटाकडूनच आनली?"

लोक हसले. त्यांच्याकडचे हसले, आणि आमच्याकडचेही.

अक्षता पडून गेल्या होत्या, त्यामुळे मुलगी परत करता येत नव्हती. त्यांनी मथूला नेलं आणि आंदण मांडवात सोडलं. सामानासाठी आणलेल्या दोन बंड्या रिकाम्या खडखडत मागून गेल्या. पुढं काय झालं ते तुकड्यातुकड्यानं कानावर येई. तांदळात लिहिलेलं तिचं सासरचं नाव त्या घरात कुणी वापरलं नाही. सासू तिला 'जुनी' म्हणून हाक मारी. जुने, पानी आन. जुने, शेण काढ. ती जमिनीवर घोंगडी टाकून निजे. नवऱ्यानं एकदा बाज आणायची गोष्ट काढली तर सासूबाई म्हणाल्या, तिच्या बापानं पलंग ठिवून घेतला ना, मंग तिथंच जाऊन झोपावं. तिला माहेरी मात्र पाठवत नसत.

त्या पलंगावर वामनराव स्वतः झोपू लागले. "चांगलं लाकूड हाये, मास्तर, वाया कायले घालवायचं?" असं ते म्हणाले, पण माझ्याकडे न पाहता. कुणी फोडलं याचा त्यांनी पुष्कळ विचार केला आणि संशय सखंभटांवर घेतला. महिनाभर त्यांनी सखंभटांकडून काहीही विकत घेतलं नाही. याहून कडक शिक्षा त्यांना सुचण्यासारखी नव्हती. महिन्यानंतर एका डॉक्टरांचं शय्यादान झालं, त्यात पितळी दिवा होता, आणि शिक्षा संपली.

मथूला मूल झालं तेव्हा मात्र ते आयुष्यात पहिल्यांदा सुताराकडे गेले. मी बरोबर होतो. नवा पाळणा, सागवानी. त्यांनी लाकूड निवडलं, वाजवून पाहिलं, रंगही ठरवला, उद्या येऊन पक्कं करतो म्हणाले. त्याच आठवड्यात एका मडमेचा वेताचा पाळणा विकायला निघाला, चाकांचा, वर झालर असलेला. "नव्यासारखाच हाये," ते म्हणाले. "झालर पाहा." मी झालर पाहिली. या वेळी मी काही विनोद केला नाही. दुसरंही काही केलं नाही. तो पाळणा पोत्यात बांधून बंडीनं अनसिंगला गेला आणि परतीच्या बंडीनं तसाच आला. बांधलेल्या गाठीसुद्धा त्यांच्याच हातच्या होत्या. वामनरावांनी त्या एकेक सोडवल्या, सुतळीचा गुंडा करून फडताळात ठेवला. पाळण्यात पुढं वहिनी कांदे ठेवत.

अकरा वर्षांत बापलेकीची भेट झाली नाही. ते गेले नाहीत आणि तिला कुणी येऊ दिलं नाही.

मी त्यांना शेवटचं भेटलो ते जाण्याच्या दोन दिवस आधी. राघूंच्या पलंगावर पडले होते, छाती घरघरत होती, दाढी वाढलेली. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग ते म्हणाले, "मास्तर, मथूच्या लग्नात कोन बोललं व्हतं?"

"आता कशाला ते?"

"सखंभट देवापुढं हात ठिवून सांगते, तो नव्हता. म्या त्याले उगाच शिव्या देल्या." श्वास पुरेना म्हणून ते थांबले. "तुमाले काई कळलं व्हतं काय?"

"नाही," मी म्हणालो.

"तेच म्हनतो. कळलं असतं तं तुमी सांगतलं असतं." एवढं बोलून, हिशेब जुळल्यासारखे, त्यांनी डोळे मिटले. मी उठलो तेव्हा पुन्हा उघडले. "जाता जाता दारातला कंदील पाह्यून जा. नवा घेतला... म्हंजे जुनाच."

मी पाहिला. काच तडकलेली होती.

दिवसांना मथू आली. सासरच्यांनी तेराव्यापुरती मोकळीक दिली होती. सत्तावीस वर्षांची बाई, हातांना भेगा, नाक थेट बापाचं. तेराव्या दिवशी सखंभट पूजेचं आटोपून उभे राहिले आणि घरात नजर फिरवून म्हणाले, "कोनता पलंग द्यायचा ठरवला, बाई?" प्रश्न रास्त होता. घरात सात पलंग होते.

"सगळे," मथू म्हणाली.

"सगळे म्हंजे?"

"सात हायेत. साती घ्या."

"अवं, एका मान्साले एक पलंग पुरते."

"बाबाले पुरत नव्हता. तुमाले तं माहीत हाये. चाला, शास्त्र असन तसं करा. झोपा."

शेजारपाजारचे दारात जमले होते. सखंभट आता सत्तरीला आले आहेत. पहिल्या पलंगावर ते आडवे झाले, उठले. दुसऱ्यावर झाले, उठले. तिसऱ्याची नवार सैल होती, ते मधोमध खाली गेले आणि दोघांनी त्यांना ओढून काढलं. मथू पदर खोचून उभी होती आणि एकेक पलंग हातानं दाखवत होती, जणू विकायलाच बसली आहे. कुणी हसलं तर त्याच्याकडे पाही. मग तो हसत नसे. सातवा राघूंचा होता. सखंभट त्यापुढं थबकले. "हा म्या एक डाव घेतला हाये, बाई. काशीबाईच्या वक्ताले."

"मंग तं वळखीचा हाये. झोपा."

ते झोपले. त्यानंतर तिनं कपाटं दिली, अकरा खुर्च्या दिल्या, आरशाचं टेबल, टोप्यांचा खांब, आरामखुर्ची, टब, पाळणा. सखंभट रडकुंडीला आले. "एवढं घेऊन म्या कुठं ठिवू? घेणाराच तं गेला ना, माय!"

"अर्धं तुमचंच हाये, महाराज. बाबाले तिकडे लागन. पोचवून द्या."

तीन बंड्या लागल्या. गल्लीनं उभं राहून ते दान पाहिलं. या सगळ्यात गोदावहिनी उंबऱ्याशी बसून होत्या. शेवटची बंडी वळली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "कांदे कुठं ठिवले?"

अनसिंगच्या बंडीची वेळ झाली होती. वहिनी आत मथूसाठी दशम्या बांधत होत्या आणि बाहेरच्या रिकाम्या खोलीत आम्ही दोघंच होतो. ती खोली एवढी मोठी आहे हे मला पंचवीस वर्षांत कळलं नव्हतं. "मथू," मी म्हणालो, "त्या दिवशी पंगतीत मामांना..."

"तुमी बोलले व्हते. माहीत हाये." ती गाठोडं बांधत होती, तिनं वर पाहिलं नाही. "मामेसासऱ्यानं बंडीतच सांगतलं, वेशीच्या आत. नाव माहीत नव्हतं त्याले तुमचं. म्हने चष्म्यावाला व्हता, लय हुशार."

"मग वामनरावांना कळवलं का नाहीस कधी? कुणाकडून तरी..."

तिनं गाठ आवळली. "त्याइच्याकडे दुसरं कोन येत व्हतं, काका?"

मला हजरजबाबी म्हणतात. गाठोडं मी घेऊ लागलो तर तिनं ते दुसऱ्या हातात धरलं आणि वेशीची वाट एकटीनं चालू लागली.

याला आता दीड महिना झाला. सात पलंगांची गोष्ट तिच्याआधीच अनसिंगला पोचली होती. ऐकतो की तिच्या सासूबाई ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, आमच्या सुनेनं बापामागं सात पलंगांचं दान केलं, असं कुठल्या राजाच्या घरी तरी झालं काय? दानाचा मोठेपणा त्या घरानं लगेच उचलला. मथू अजून घोंगडीवरच निजते. सखंभटांच्या ओसरीवर राघूंचा पलंग बाहेरच्या बाजूला आहे. त्याची कीर्ती इतकी झाली आहे की लांबच्या खेड्यातलेही तो आता घेत नाहीत.

रविवारी मला अजून घराबाहेर पडावंसं वाटतं. मी गोदावहिनींकडे जातो आणि जमिनीवर बसतो. हे लिहिलेलं छापून येईल तेव्हा त्यांना कुणीतरी वाचून दाखवीलच. मीच दाखवावं असं ठरवलं आहे... पाहू. परवा गेलो तेव्हा त्या माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या. स्वयंपाकघराच्या दारापासून माझ्यापर्यंत नुसती सारवलेली जमीन होती, बैलगाडी वळेल एवढी. त्या मात्र भिंतीलगत निघाल्या, मध्ये अंग तिरकं केलं, पदर पोटाशी आवळला, एका जागी मान खाली घातली, पुढं आल्यावर पुन्हा वळल्या, आणि पेल्यातला थेंबही न सांडता माझ्यापाशी पोचल्या. मी पाहत होतो हे त्यांच्या लक्षात आलं.

"सरळ चालून पाह्यलं, मास्तर," त्या म्हणाल्या. "पडल्यासारखं होते."